कागद नाही, म्हणून इलाज नाही?

२०२५ च्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री दीडच्या सुमारास आम्हाला फोन आला. खाडीलगतच्या वस्तीतली, भंगार वेचणाऱ्या कुटुंबातली एक बाई बाळंतपणात अडली होती. रिक्षा मिळवून तिला जवळच्या सरकारी दवाखान्यात नेले. केसपेपरच्या खिडकीवरच्या कारकुनाने पहिला प्रश्न विचारला, "आधार कार्ड?" नवरा म्हणाला, "साब, झोपडा तोडा तब सब कागज गया." मग रेशन कार्ड विचारले, मग मतदार कार्ड. मग कारकुनाने कान टवकारले. "ही बाई बंगाली बोलते. कुठली आहे?" त्याने आम्हाला बाजूला घेतले आणि आवाज खाली आणून म्हणाला, "चाचा, तुम्ही इथले आहात म्हणून सांगतो. बांगलादेशी निघाली तर नोकरी आमची जाईल. मोठ्या दवाखान्यात न्या."

आम्ही हुज्जत घातली. कुणाकुणाला फोन लावले. अखेर आतून एक परिचारिका बाहेर आली, तिने बाईकडे एकदा पाहिले आणि कुणालाही न विचारता स्ट्रेचर आणवला. बाई वाचली. मूल वाचले नाही. उशीर झाला म्हणूनच ते गेले असे आम्ही म्हणणार नाही. ते सांगण्याचा अधिकार डॉक्टरांचा. पण तब्बल चाळीस मिनिटे त्या खिडकीवर गेली, हे आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिले.

पुढचा भाग सांगायला जड जाते. चार दिवसांनी मुर्शिदाबादहून दीर आला. त्याने बापाच्या नावाच्या मतदार यादीची झेरॉक्स आणली, जमिनीचा जुना कागद आणला. कुटुंब अस्सल हिंदुस्थानी निघाले. आणि आम्ही सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. "अल्हम्दुलिल्लाह, आपलेच निघाले." त्या रात्री घरी परतल्यावर आमच्यापैकी एकाने विचारले, "आणि खुलन्याची निघाली असती तर?" कुणीच उत्तर दिले नाही. खुलन्याची असती तर ते मूल कमी मेले असते काय? हा लेख त्या न दिलेल्या उत्तरासाठी आहे, आणि तो आधी आमच्याचविरुद्ध आहे.

प्रथम कायद्याचे बोलू. कारण आपल्या समाजात, शिकल्यासवरलेल्यांतसुद्धा, असा समज पक्का बसला आहे की कागद नसलेल्या परक्याला या देशात कसलाच हक्क नाही. हा समज साफ खोटा आहे. भारतीय राज्यघटना लिहिणाऱ्यांनी शब्द तोलूनमापून वापरले आहेत. भाषणाचे, संघटनेचे, देशभर फिरण्याचे स्वातंत्र्य सांगणारे १९ वे कलम 'नागरिकां'ना उद्देशून आहे. पण कायद्यापुढील समानतेचे १४ वे कलम आणि जीविताचे २१ वे कलम 'कोणत्याही व्यक्ती'ला उद्देशून आहे. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीला नागरिक आणि व्यक्ती यांतला फरक कळत नव्हता, असे कुणाला म्हणायचे आहे काय? हे मसुदे तयार होत होते तेव्हा फाळणीचे लोंढे रस्त्यावर होते, लाखो माणसांकडे कागद नव्हते. त्या काळात ही माणसे 'व्यक्ती' हा शब्द लिहून गेली.

या जीविताच्या हक्कात उपचाराचा हक्क येतो हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात एका स्कूटरस्वाराची हकीकत होती. मोटारीने उडवल्यावर त्याला जवळच्या दवाखान्यात नेले, तिथल्यांनी पोलीस-केस म्हणून वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या दवाखान्यात पाठवले, आणि तो वाटेत मेला. न्यायालयाने बजावले की सरकारी असो की खाजगी, जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य आहे, बाकी सोपस्कार मागाहून. १९९६ च्या निकालात पश्चिम बंगालमधला एक मुसलमान शेतमजूर होता. १९९२ साली तो रेल्वेतून पडला, डोक्याला मार लागला. एकामागून एक सरकारी दवाखान्यांनी जागा नाही, सोय नाही म्हणून त्याला परत पाठवले. शेवटी खाजगी दवाखान्यात सुमारे सतरा हजार रुपये मोजून तो वाचला. त्याच्या शेतमजूर संघटनेने खटला लढवला. न्यायालयाने सांगितले की वेळेवर उपचार न देणे हा २१ व्या कलमाचा भंग आहे, पैसे नाहीत ही सबब सरकारला सांगता येणार नाही. पंचवीस हजारांची भरपाईही देववली.

हे दोघे नागरिक होते, असे कुणी म्हणेल. मग नागरिक नसलेल्यांचे ऐका. त्याच १९९६ साली अरुणाचल प्रदेशातील चकमांच्या प्रकरणात न्यायालय म्हणाले की माणूस नागरिक असो वा नसो, त्याच्या जीविताचे रक्षण करायला राज्य बांधील आहे. आणि २००० सालच्या चंद्रिमा दास खटल्याची हकीकत तर आपल्या प्रत्येक घरात सांगितली पाहिजे. बांगलादेशातली एक बाई अजमेरच्या दर्ग्याला निघाली होती. १९९८ च्या फेब्रुवारीत हावडा स्टेशनवर रेल्वेच्याच नोकरांनी तिच्यावर सामूहिक बलात्कार केला. भरपाईचा प्रश्न आला तेव्हा सरकारच्या बाजूने सांगण्यात आले की बाई परदेशी आहे, तिला कसली भरपाई? न्यायमूर्ती सगीर अहमद यांच्या पीठाने तो युक्तिवाद झिडकारला, २१ वे कलम तिचेही आहे असे ठणकावले आणि दहा लाखांची भरपाई कायम केली. ख्वाजांच्या दरबाराला निघालेल्या त्या परदेशी बाईमुळे या देशाचा कायदा अधिक स्पष्ट झाला. आणि आपण? आपल्याला हा निकाल ठाऊकही नसतो.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगतो. बेकायदा आलेल्या परदेशी माणसाला कायद्याने परत पाठवण्याचा सरकारला अधिकार आहे. २०२१ साली रोहिंग्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ व २१ ही कलमे सर्व व्यक्तींची आहेत हे मान्य केले, पण देशात राहण्याचा हक्क नागरिकांचाच, असेही सांगितले. आम्ही त्याच्याशी इथे भांडत नाही. पाठवायचे तर रीतसर पाठवा. चौकशी करा, न्यायालयापुढे उभे करा. पण माणूस या भूमीवर श्वास घेतो आहे तोवर त्याच्या पोटातली आतडी, त्याच्या छातीतला क्षय, तिच्या पोटातले मूल यांच्यापुढे पासपोर्टचा प्रश्न आणू नका. हद्दपार करण्याचा अधिकार राज्याला आहे. उपचाराविना मरू देण्याचा अधिकार या देशात कुणालाही दिलेला नाही.

कारकून म्हणत होता की कळवावे लागते. यात तथ्य आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या परदेशी नागरिकांविषयीच्या नव्या कायद्याने दाखल होणाऱ्या परदेशी रुग्णाची माहिती देण्याचे बंधन दवाखान्यांवर घातले आहे. पण वाचकहो, माहिती द्या असे म्हणणारा कायदा इलाज करू नका असे म्हणत नाही. घोटाळा असा, की खिडकीवरच्या माणसापर्यंत पोचतापोचता 'कळवा'चे 'घेऊ नका' होते. आमची हकीकत तर तो कायदा लागू होण्याच्या आधीची आहे. भीती कायद्याच्याही पुढे धावत होती. आणि जिला पकडले जाण्याची धास्ती आहे, ती खिडकीपर्यंत येतच नाही. ती वस्तीतल्या बोगस डॉक्टरकडे जाते, नाहीतर घरात कण्हत पडते. म्हणूनच इटलीने १९९८ च्या कायद्यात कागद नसलेल्या रुग्णाची खबर दवाखान्याने पोलिसांना देऊ नये असे लिहून ठेवले. फ्रान्समध्ये अशा लोकांसाठी २००० सालापासून सरकारी वैद्यकीय मदत आहे. ज्या अमेरिकेत परक्यांविरुद्ध एवढा गदारोळ चालतो, तिथेही १९८६ च्या कायद्याने तातडीच्या रुग्णाला दारातून परत पाठवता येत नाही, मग तो कुठलाही असो. आपल्या सरकारनेही १९७९ साली आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार मान्य केला आहे. त्याच्या १२ व्या कलमात प्रत्येकाचा आरोग्याचा हक्क आहे. त्या कलमाचा अर्थ सांगताना संयुक्त राष्ट्रांच्या समितीने २००० साली बेकायदा स्थलांतरितांचा उल्लेख नाव घेऊन केला आहे.

आता नेहमीचे आक्षेप. पहिला असा की आमच्याच गरिबांना खाट मिळत नाही, परक्यांना कुठून देणार? खाट मिळत नाही हे खरे. पण ती कुणी खाल्ली? २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने वचन दिले होते की २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.५ टक्के होईल. २०२१-२२ मध्ये, करोनाचा खर्च धरूनही, तो १.८४ टक्के होता. जमिनीवर झोपलेल्या रुग्णाची खाट भंगार वेचणाऱ्या बाईने पळवलेली नाही. शिवाय तीही साबण विकत घेते, तेल विकत घेते, त्यावरचा कर भरते. दुसरा आक्षेप, फुकट औषध मिळाले की आणखी लोंढे येतील. सीमेवरची बंदूक चुकवून, दलालाला पैसे चारून माणूस येतो तो मजुरीसाठी येतो. केसपेपरसाठी कुणी नदी ओलांडत नाही.

आणि रोगाचे काय? क्षयाच्या जंतूला सीमा सुरक्षा दल अडवत नाही. सहा महिन्यांचे औषध भीतीने दोन महिन्यांत सुटले की तोच क्षय औषधाला दाद न देणारा होऊन शेजारच्या इमारतीत जातो. सरकारला हे एके काळी नीट कळत होते. पोलिओच्या मोहिमेत वीटभट्टीवर, बसस्टँडवर, पालावर जाऊन पोरांच्या तोंडात दोन थेंब घातले, तेव्हा कुणी बापाचे गाव विचारले नाही. म्हणून तर २०११ च्या जानेवारीत हावडा जिल्ह्यात सापडलेला रुग्ण शेवटचा ठरला आणि २०१४ साली देश पोलिओमुक्त जाहीर झाला. करोनातही मे २०२१ मध्ये ओळखपत्र नसलेल्यांना लस देण्याची वेगळी पद्धत सरकारने काढली. भटके, साधू, भिकारी, कैदी यांना कागदाविना लस मिळाली. कागदाविना औषध देता येते, हे दोनदा सिद्ध झाले आहे.

कागद नाही म्हणजे माणूस परदेशी, हा हिशेबही चुकीचाच. आपल्या महाराष्ट्रात पारध्यांच्या पालावर जा. आपल्यातल्याच मदारी, दरवेशी, छप्परबंद बिरादऱ्यांत जा. पुरात वाहून गेलेले, आगीत जळालेले, बुलडोझरखाली गेलेले कागद मोजा. आणि दवाखान्याने नाकारले की हे दुष्टचक्र पुढच्या पिढीत उतरते. बाळंतपण दवाखान्यात झाले नाही, तर जन्माची नोंद करायला निरक्षर आईबाप एकवीस दिवसांत कुठल्या कचेरीत जाणार? वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्याचा हुकूम लागतो. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलाला शाळेपासून मतदार यादीपर्यंत जन्मदाखलाच पुरावा झाला आहे. म्हणजे आज खिडकीवरून परत पाठवलेल्या आईचे मूल उद्याचा 'संशयित' होणार. कागद नसलेली माणसे सगळीच सीमेपलीकडून येत नाहीत. काही आपल्या खिडक्यांवर तयार होतात.

याची फळे दिसू लागली आहेत. २०२५ च्या जूनमध्ये मुंबई परिसरात राबणारे पश्चिम बंगालचे मजूर बांगलादेशी ठरवून सीमेपलीकडे ढकलले गेले आणि मागाहून त्यांना परत आणावे लागले. त्याच महिन्यात दिल्लीत राहणारी बीरभूम जिल्ह्यातली एक गर्भवती नवऱ्या-मुलासकट पलीकडे पाठवली गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले तेव्हा डिसेंबरमध्ये ती पोरासह परतली, आणि तिच्या मोफत उपचाराची व्यवस्था करा असे न्यायालयाला सांगावे लागले. दुसरीकडे, १ सप्टेंबर २०२५ च्याच एका आदेशाने ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत छळामुळे आश्रयाला आलेल्या, अफगाणिस्तान, बांगलादेश व पाकिस्तानातल्या सहा धर्मांच्या लोकांना कागद नसल्याबद्दलच्या कारवाईतून सूट मिळाली. त्या हिंदूंना, शिखांना, बौद्धांना, जैनांना, पारशांना, ख्रिस्त्यांना सूट मिळाली याचा आम्हाला आनंदच आहे. छळाला कंटाळून आलेल्याला आसरा मिळालाच पाहिजे. प्रश्न एवढाच की कागद नसणे हा गुन्हा आहे की नाव मुसलमानी असणे हा?

हे सारे सरकारला सुनावून आमचे काम संपत नाही. कारण त्या कारकुनाने "तुम्ही इथले आहात म्हणून सांगतो" म्हटले, तेव्हा आम्हाला आत कुठेतरी बरे वाटले होते. मराठी मुसलमानाला हे वाक्य गोड लागते. आपण मराठी बोलतो, मराठीत लिहितो, साहित्य संमेलने भरवतो. यात खोटे काहीच नाही. पण 'आम्ही इथले' हे सिद्ध करण्यासाठी 'ते तिथले' असे बोट दाखवण्याची खोड आपल्याला लागली आहे. धरपकड झाली की मोहल्ल्यातले वजनदार लोक पुढे होऊन सांगतात, "साहेब, आमचे लोक तसले नाहीत." या बोट दाखवण्याने आजवर कुणाची निष्ठा सिद्ध झाली? मुर्शिदाबादचा अस्सल भारतीय मजूर भाषेवरून परका ठरला. उद्या दखनी बोलणाऱ्याला कुणी हटकले, तर त्याने कुणाकडे बोट दाखवायचे?

आणि कोकणातल्या भावांनो, तुम्ही तरी हे विसरू नका. दापोली, खेड, म्हसळा, श्रीवर्धनच्या गावांतली पक्की घरे कुणाच्या घामावर उभी आहेत? आखाती देशांत गेलेल्यांच्या. तिथे कफीलने पासपोर्ट दाबून ठेवला, काम सोडले म्हणून तक्रार केली, इकामा संपला की आपलाच भाऊ 'खल्लीवल्ली' झाला. म्हणजे कोण? बेकायदा स्थलांतरितच ना! आठ-दहा जणांच्या खोलीत तापाने फणफणत पडायचे, दवाखान्यात जायचे नाही, कारण तिथे कार्ड मागतात. सोबत्याच्या गोळ्या खायच्या आणि माफीची वाट बघायची. २०१३ साली सौदीने सवलत दिली तेव्हा गावोगावचे लोक तिकिटाचे पैसे गोळा करत होते. त्या भावाला तिथल्या डॉक्टरने कार्ड न मागता तपासले असते तर आपण त्या डॉक्टरला दुवा दिली असती. मग इथल्या वस्तीतल्या बाईसाठी आपला कायदा वेगळा का?

धर्माचे नाव घेऊन कुणाला दटावणे हा आमचा पिंड नव्हे. पण जे रोज दीन-दीन करतात त्यांना विचारावेसे वाटते. कुरआनातील सूरह तौबाच्या साठाव्या आयतीत जकातीचे जे आठ हक्कदार सांगितले आहेत, त्यांत 'इब्नुस्सबील', म्हणजे वाटेत अडकलेला मुसाफिर आहे. त्याचे गाव, त्याचा दाखला विचारलेला नाही. ज्यांच्या हिजरतीपासून आपण साल मोजतो ते स्वतः घर सोडून परक्या शहरात आले होते. त्याआधी त्यांच्या अनुयायांना हबशाच्या ख्रिस्ती बादशहाने, नजाशीने, आसरा दिला. त्याने कुठला दाखला मागितला? १२८४ साली सुलतान कलावूनने कैरोत बांधलेला दवाखाना वक्फनाम्यानेच गरीब-श्रीमंत, स्थानिक-परदेशी सगळ्यांना खुला होता. सातशे वर्षांपूर्वी! आणि आमच्या कित्येक जमातींचे आजचे दवाखाने, अॅम्ब्युलन्स, औषधाचे फंड? तिथेही जमातीची चिठ्ठी लागते, रेशन कार्डाची झेरॉक्स लागते. फंडाचा हिशेब ठेवावा लागतो हे मान्य. पण हिशेब औषधाचा ठेवा. सरकारी खिडकीला शिव्या घालायच्या आणि आपल्या खिडकीवर तोच प्रश्न विचारायचा, याला काय म्हणावे?

ती माणसे मुसलमान आहेत म्हणून आम्ही हे लिहीत नाही. ती नेपाळी असती, श्रीलंकेतली तमिळ असती, पारधी असती, तरी हेच लिहावे लागले असते. फक्त 'आपल्यां'साठी मागितलेल्या हक्काला फुल्यांनी आणि शाहू महाराजांनी हक्क म्हटले नसते.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर मराठी, हिंदी आणि उर्दूत पाटी लावा: तातडीचा इलाज, बाळंतपण आणि लसीकरण यांसाठी कुठलाही कागद लागत नाही. दाखल रुग्णाची माहिती देणे भागच असेल, तर ते काम इलाजानंतरचे आणि दुसऱ्या कुणाचे असू द्या. ते खिडकीवर नको. प्रत्येक जन्माची नोंद आईबापांच्या कागदाशिवाय करा. या सरकारकडे.

आपल्याकडे मागणी त्याहून कठीण. जमातींनी आपल्या दवाखान्यातून आणि अॅम्ब्युलन्समधून चिठ्ठीची अट काढावी, तीही येत्या रमजानच्या जकातीचा हिशेब मांडण्यापूर्वी. आपल्या डॉक्टरांनी, वकिलांनी हे निकाल मराठीत छापून वस्तीत वाटावेत. आणि पुन्हा कधी कुणी खिडकीवर "ही कुठली?" असे विचारले, तर आपण "आपल्यातलीच आहे हो" असे खोटे सांगून सुटका करून घेऊ नये. ती कुठलीही असो, आधी आत घ्या, असे सांगावे.

त्या बाईचे बाळ वस्तीजवळच्या कब्रस्तानात दफन केले. तिथल्या रजिस्टरात नाव लिहायचे होते. नाव ठेवलेलेच नव्हते. मुजावराने बापाचे नाव विचारले, गाव विचारले नाही. निदान तिथे तरी कुणी आधार कार्ड मागितले नाही.